पाऊण गुणाचा खटला : डिफ्यूनिस विरुद्ध ओडेगार्ड

१९७१ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कायद्याच्या पहिल्या वर्षाला जागा होत्या जेमतेम दीडशे आणि अर्ज आले १६०१. प्रत्येक अर्जदाराच्या फाइलवर एक आकडा पडत असे. हा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत सरासरी किती गुण मिळवेल, याचा तो अंदाज होता. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांचे गुण आणि एलसॅट या प्रवेश परीक्षेचे गुण एका सूत्रात घालून तो काढला जाई. ७७ च्या वर आकडा असला की वाट जवळपास मोकळी होती. ७४.५ च्या खाली असला तर समितीचे अध्यक्ष फाइल चाळत आणि काही विशेष दिसले नाही तर ती तिथेच बाजूला पडे. मधले अर्ज समितीपुढे जात.

मार्को डिफ्यूनिस या गोऱ्या, ज्यू तरुणाचा आकडा होता ७६.२३. मोकळ्या वाटेपासून पाऊण गुण खाली.

तो त्याच विद्यापीठाचा पदवीधर होता. चारपैकी ३.६२ ची सरासरी, विशेष प्राविण्यासह पदवी, हुशार विद्यार्थ्यांनाच मिळणारे फाय बीटा कॅपाचे सदस्यत्व. आदल्या वर्षीही त्याने अर्ज केला होता आणि नकार आला होता. या खेपेला नाव प्रतीक्षा यादीत गेले, तेही तळाच्या चौथ्या भागात, आणि ३१ जुलैला पुन्हा नकार आला. इतर विधी महाविद्यालयांनी त्याला प्रवेश देऊ केला होता, पण त्याला सिएटल सोडायचे नव्हते. त्याने राज्याच्या न्यायालयात दावा लावला. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स ओडेगार्ड प्रतिवादी झाले आणि खटल्याला त्यांचे नाव चिकटले.

अमेरिकेतील वंशाधारित प्रवेशाची गोष्ट सहसा १९७८ च्या ॲलन बाकी या अर्जदाराच्या खटल्यापासून सांगितली जाते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, डिफ्यूनिसमध्ये दिलाच नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांत याची बोळवण अर्ध्या पानात होते. मला मात्र अभ्यासासाठी हेच प्रकरण जास्त उपयोगी वाटते. इथे प्रवेश समितीचे कागद न्यायालयापुढे उघडे पडले. कोणत्या ढिगात किती, कोणाचा आकडा किती, कोण कोणाला ओलांडून गेले, सगळे मोजून पाहता येते. 

७६.२३ कुठून आले

एलसॅटचे गुण तेव्हा २०० ते ८०० या पट्टीवर दिले जात. डिफ्यूनिसने ती परीक्षा तीनदा दिली : ५१२, मग ५६६, मग ६६८. विद्यापीठाचा नियम होता की सगळ्या प्रयत्नांची सरासरी धरायची. सरासरी आली ५८२. केवळ शेवटचे ६६८ धरले असते तर आकडा वर सरकला असता, हे सांगायला सूत्र समोर असण्याचीही गरज नाही.

सरासरी धरण्याच्या बाजूने बोलता येते. तीनदा फी भरून तयारी करणे ज्याला परवडते, त्याला एकदाच बसलेल्या मुलावर आघाडी का द्यावी? उलट बाजूही तितकीच पटणारी आहे. माणूस शिकतो, सुधारतो, आणि आज तो जिथे आहे तीच त्याची कुवत. पुढे अनेक लॉ स्कूलांनी सर्वाधिक गुण धरायला सुरुवात केली. दोन्ही नियम प्रामाणिक आहेत आणि दोन्हींपैकी कोणता घ्यायचा हा धोरणाचा निर्णय आहे. म्हणजे ज्या आकड्याच्या नावाने ‘माझी गुणवत्ता डावलली’ असा दावा उभा राहिला, तो आकडा मुळात एका समितीच्या निवडीतून आलेला होता. त्या निवडीत वंशाचा संबंध नव्हता, म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

शिवाय तो आकडा सांगत काय होता? पहिल्या वर्षाचे गुण. चांगला वकील कोण होईल, अशिलाचे ऐकून कोण घेईल, हे त्यात नव्हते आणि तसा कोणाचा दावाही नव्हता. दशांश चिन्हानंतर दोन अंक दिसले की मोजमाप अचूक असल्याचा भास होतो, एवढेच. (आपल्याकडे अभियांत्रिकीच्या सीईटीचा पर्सेंटाइल दशांशानंतर सात अंकांपर्यंत छापतात. तिथे निदान उद्देश सरळ आहे, दोन मुले एकाच क्रमांकावर येऊ नयेत.)

दोन ढीग

अर्जात वांशिक मूळ सांगण्याचा रकाना होता, भरणे ऐच्छिक होते. कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, अमेरिकन इंडियन आणि फिलिपिनो वंशाचे अर्ज वेगळे काढले गेले. त्यातले कृष्णवर्णीयांचे अर्ज दोघांकडे वाचायला दिले : समितीवर असलेला पहिल्या वर्षाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि वंचित मुलांसाठीच्या उन्हाळी कार्यक्रमात काम केलेले एक प्राध्यापक. बाकी तीन गटांचे अर्ज समितीवरच्या एका सहायक अधिष्ठात्यांकडे गेले. या ढिगातले अर्ज आपापसांत तोलले गेले. दुसऱ्या ढिगातल्या अर्जांशी त्यांची थेट तुलना झाली नाही. ७४.५ ची गाळणी इथे लावली नाही आणि आकड्याला वजनही कमी दिले. प्रश्न असा विचारला गेला की हा मुलगा किंवा मुलगी हा अभ्यासक्रम पेलेल का, आणि गटातल्या इतरांपेक्षा सरस आहे का.

जपानी आणि चिनी वंशाची मुले या ढिगात नव्हती. महायुद्धात जपानी वंशाच्या कुटुंबांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबण्यात आले, त्यात सिएटलची कुटुंबेही होती. ज्या शहरात हे घडले तिथे अन्याय सोसलेल्यांची यादी करताना हे नाव गळावे, हे खटकते. कोणाला यादीत घ्यायचे हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवावे, हा प्रश्न उरतोच.

पहिल्या ढिगातून ३७ जणांना प्रवेश देऊ केला, त्यातल्या १८ जणांनी तो घेतला. ३७ पैकी ३६ जणांचा आकडा डिफ्यूनिसपेक्षा कमी होता आणि ३० जणांचा तर ७४.५ च्याही खाली. म्हणजे ते गोरे असते तर त्यांची फाइल समितीच्या अध्यक्षांच्या टेबलावरून बहुधा पुढे सरकलीच नसती. डिफ्यूनिसच्या बाजूचे हे सर्वांत जोरदार कागद आणि ते खोडता येण्यासारखे नाहीत.

पण त्याच नोंदींत आणखी दोन आकडे आहेत. अल्पसंख्य गटांत न मोडणाऱ्या ४८ जणांनाही डिफ्यूनिसपेक्षा कमी आकडा असताना प्रवेश मिळाला. त्यातले २३ जण लष्करी सेवेतून परतलेले होते. पूर्वी निवड झाली असतानाही व्हिएतनाम युद्धाच्या काळात ज्यांना लष्करात जावे लागले, अशांना विद्यापीठ परत घेत असे. उरलेल्या २५ जणांच्या अर्जात समितीला आणखी काहीतरी आवडले. आणि डिफ्यूनिसपेक्षा जास्त आकडा असलेल्या, अल्पसंख्य नसलेल्या २९ जणांना नकार मिळाला.

आता हिशेब मांडून पाहू. केवळ आकड्यावर प्रवेश द्यायचा म्हटले, तर हे ४८ आणि ते ३६ असे ८४ जण बाहेर जातात. डिफ्यूनिसच्या पुढे रांगेत २९. तो नक्की आत येतो. दुसरी मांडणी : समितीची बाकी पद्धत तशीच ठेवायची, फक्त वांशिक ढीग बंद करायचा. मग ३६ जागांची पत्रे मोकळी होतात आणि त्यांवर हक्क सांगणारे २९ आकड्याने पुढे आहेत, शिवाय समितीला आवडणारे कमी आकड्यांचे अर्जदार आणि प्रतीक्षा यादीतले वरचे तीन भाग आहेतच. इथे त्याला मिळते ती फक्त संधी, जागा नव्हे. तिसरी मांडणी विद्यापीठाची : ढीग तसाच ठेवा. तो बाहेर.

त्याचा राग पहिल्या मांडणीचा होता आणि कायद्याचा दावा दुसऱ्या मांडणीचा. या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे आणि सार्वजनिक चर्चेत ते कायम बुजवले जाते.

तेवीस सैनिकांविरुद्ध त्याने तक्रार केली नाही. केली असती तरी ती टिकली नसती, आणि याला ढोंग म्हणून मोकळे होता येणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती यादवी युद्धानंतर, गुलामगिरीच्या राखेतून आली. वंश पाहून केलेल्या भेदाकडे तिथली न्यायालये संशयाने पाहतात. सैनिकाला दिलेल्या झुकत्या मापाकडे तशा नजरेने पाहण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की ज्यांच्यासाठी ही दुरुस्ती आली, त्यांच्या नातवंडांना आत घेण्याच्या प्रयत्नाकडेही त्याच संशयाने पाहायचे का. पुढची पन्नास वर्षे न्यायालय याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

विद्यापीठाने हा ढीग हौसेने केला नव्हता. मे १९६८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ओडेगार्ड यांच्या कार्यालयात ठिय्या दिला होता. कृष्णवर्णीय आणि इतर वंचित विद्यार्थ्यांची भरती वाढवा, शिक्षक नेमा, अभ्यासक्रम बदला, अशा मागण्या होत्या. ओडेगार्ड यांनी त्या मान्य केल्या आणि त्यातून अशा विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम उभे राहिले. ते मनापासून या बाजूचे होते असे दिसते. लॉ स्कूलची प्रवेशपद्धत त्या वातावरणातली आहे. आधी तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेले कृष्णवर्णीय वकील मोजकेच होते.

न्यायालयांची फेरी

खालच्या न्यायालयाने डिफ्यूनिसच्या बाजूने कौल दिला. शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर कोणत्याही एका वंशाच्या सोयीसाठी चौदाव्या दुरुस्तीतले समान संरक्षणाचे कलम ताणता येणार नाही, असा त्याचा रोख होता. न्यायालयाच्या आदेशाने डिफ्यूनिस सप्टेंबर १९७१ मध्ये वर्गात बसला. मार्च १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वंशाचा विचार करायचा तर राज्याकडे अत्यंत सबळ कारण हवे हे त्यांनी मान्य केले, पण ते कारण इथे आहे असे म्हटले : लॉ स्कूलमधला आणि एकूण वकिली पेशातला वांशिक असमतोल. डिफ्यूनिस तोवर दुसऱ्या वर्षाला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी स्थगिती दिली आणि तो शिकत राहिला.

वॉशिंग्टन डीसीत प्रकरण पोहोचले तेव्हा देश दुभंगला होता. २६ न्यायमित्र निवेदने, म्हणजे खटल्यात पक्षकार नसलेल्यांनी मांडलेली मते, दाखल झाली. त्यांत ज्यू संघटनांची फूट सर्वांत बोलकी आहे. अँटी-डिफेमेशन लीग आणि अमेरिकन ज्यूइश काँग्रेस डिफ्यूनिसच्या बाजूने उभ्या राहिल्या. नागरी हक्कांच्या लढ्यात याच संघटना कृष्णवर्णीयांच्या खांद्याला खांदा लावून लढल्या होत्या. पण १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांच्या नावाखाली ज्यू मुलांची संख्या आवळली होती, ती आठवण ताजी होती. परीक्षेचा कोरडा आकडा हे त्यांच्या वडिलांच्या पिढीला बंद दार उघडणारे साधन वाटले होते. दुसऱ्या काही ज्यू संघटना विद्यापीठाच्या बाजूने गेल्या. एकाच समाजाच्या दोन आठवणी एकाच खटल्यात समोरासमोर आल्या. परीक्षा कोणाला तारते आणि कोणाला मारते, हे तुम्ही दाराच्या कोणत्या बाजूला उभे होता यावर ठरते.

२६ फेब्रुवारी १९७४ ला युक्तिवाद झाला. २३ एप्रिलला निकाल आला, पाच विरुद्ध चार : वादच उरलेला नाही. डिफ्यूनिस शेवटच्या सत्राला नाव नोंदवून बसला होता. विद्यापीठाने सांगितले होते की खटला आम्ही जिंकलो तरी त्याला हे सत्र पूर्ण करू देऊ. त्याने दावा फक्त स्वतःसाठी लावला होता, सर्व अर्जदारांच्या वतीने नाही. मग निकालाने त्याचे काही बिघडणार नाही की सुधारणार नाही, तर न्यायालयाने बोलायचे कशाला?

न्यायमूर्ती ब्रेनन यांना हे पटले नाही. मुलगा आजारी पडला, पैशाची अडचण आली, सत्र राहिले, तर त्याला पुन्हा प्रवेश मागावा लागेल आणि वाद पुन्हा जिवंत होईल, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न टाळला तरी तो परत येणारच, हेही त्यांनी बजावले. चार वर्षांत आला. मला पाच जणांचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटतो, पण हायसे वाटून घेतलेलाही वाटतो.

भारतीय वाचकाला इथे १९५१ चे चंपकम दोराईराजन प्रकरण आठवेल. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा जातीधर्मानुसार वाटल्या जात. चंपकम यांनी महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्जही केलेला नव्हता, तरी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नाला थेट हात घातला आणि तो आदेश रद्द केला. दोनच महिन्यांत संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १५(४) आणले. इथे अर्ज न करता निकाल मिळाला, तिथे तीन वर्षे वर्गात बसूनही मिळाला नाही. एक परिणाम असा की आपल्याकडे वाद संसदेत आणि घटनेच्या मजकुरात गेला. जागा किती, कोणाला, कट-ऑफ किती, हे यादीत छापून येते आणि लोक त्यावर उघड भांडतात. अमेरिकेत तो न्यायमूर्तींच्या मतांच्या ओळींमध्ये अडकून राहिला.

डग्लस एकटे

या प्रकरणातला सर्वांत वाचनीय मजकूर डग्लस यांच्या स्वतंत्र भिन्नमताचा आहे. ते स्वतः वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात गरिबीत वाढले. उदारमतवादी म्हणून त्यांची ख्याती, त्यामुळे ते विद्यापीठाची पाठराखण करतील असे वाटले असेल. त्यांनी दोन्ही बाजूंना अडचणीत आणले.

एकीकडे त्यांनी ठाम सांगितले की वंश पाहून जागा देता येणार नाही. काळ्यांसाठी काळे वकील, ज्यूंसाठी ज्यू वकील, पोलिशांसाठी पोलिश वकील घडवणे हे सरकारी विद्यापीठाचे काम नव्हे. असा प्रवेश मिळालेल्यांवर कमीपणाचा शिक्का बसतो, असेही त्यांना वाटे. दुसरीकडे त्यांनी आकड्यावरच बोट ठेवले. गुणांच्या सूत्रानेच प्रवेश द्या असे घटना म्हणत नाही. एलसॅट एका विशिष्ट संस्कृतीत वाढलेल्यांसाठी घडवलेली असेल, तर वेगळ्या संस्कृतीतून आलेल्या मुलांवर तीच अन्याय करते. गरीब वस्तीतून बाहेर पडून साध्या ज्युनियर कॉलेजपर्यंत (तिथे हे शाळेनंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय) पोहोचलेल्या कृष्णवर्णीय मुलात, श्रीमंत माजी विद्यार्थ्याच्या, हार्वर्डमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्या मुलापेक्षा जास्त धमक असू शकते. समितीने ती पाहावी. मात्र ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्या मुलातही ती पाहावी.

त्यांचे म्हणणे असे की अल्पसंख्य गटांचे अर्ज वेगळे ठेवायचे तर ते झुकते माप देण्यासाठी नको, परीक्षेतला छुपा पक्षपात त्यांना मारू नये म्हणून हवे. आणि ही परीक्षा खरोखर पक्षपाती आहे का, याचा पुरावा कोणी तपासलेलाच नाही. म्हणून प्रकरण पुन्हा खाली पाठवा, साक्षीपुरावे घ्या, असा त्यांचा कल होता.

त्यांच्याबरोबर या मतावर कोणीही सही केली नाही. त्यात उणिवा आहेत. वंशाच्या आधारावर ढीग वेगळा काढायचा, पण वंश विचारात घ्यायचा नाही, हे प्रत्यक्षात कसे करायचे ते कळत नाही. समितीतली माणसे यंत्रे नव्हेत. तरीही आकड्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करा असे म्हणणारे संपूर्ण प्रकरणात ते एकटेच निघाले, आणि हे मला त्यांच्या कायद्याच्या निष्कर्षापेक्षा मोलाचे वाटते.

नंतर

डिफ्यूनिस वकील झाला आणि सिएटलमध्ये वकिली करत राहिला. ओडेगार्ड यांचे नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे.

१९७८ मध्ये बाकी खटल्यात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस वैद्यकीय महाविद्यालयाच्या शंभरपैकी १६ राखीव जागा रद्द झाल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांनी मात्र वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून चालेल असे म्हटले आणि कारण दिले वर्गातल्या विविधतेचे. ऐतिहासिक अन्यायाची भरपाई हे कारण तिथून मागे पडले. माझ्या मते इथे चर्चेचे मोठे नुकसान झाले. सिएटलच्या समितीने निदान ढीग कुठे आहे हे लपवले नव्हते. बाकी खटल्याच्या निकालानंतर विद्यापीठांना ढीग मोडून तीच गोष्ट ‘समग्र मूल्यमापना’च्या धुक्यात करावी लागली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलची अशीच पद्धत ग्रटर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी पंचवीस वर्षांनी याची गरज उरू नये अशी अपेक्षा लिहिली.

सिएटलचे लॉ स्कूल मधल्या काळात पुन्हा न्यायालयात गेले होते. १९९७ मध्ये एका गोऱ्या अर्जदार महिलेने तसाच दावा लावला. तो चालू असतानाच, १९९८ मध्ये, राज्याच्या मतदारांनी सार्वमताने सरकारी विद्यापीठांतले वांशिक प्राधान्य बंद केले. ज्या राज्याच्या न्यायालयाने पंचवीस वर्षांपूर्वी सबळ कारण आहे असे म्हटले, तिथल्या मतदारांना ते पटले नाही.

२९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणांत वंशाधारित प्रवेशाचे दार जवळपास बंद केले. एक फट सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ठेवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिले, तर त्यातून दिसणारे धैर्य किंवा निर्धार विद्यापीठ विचारात घेऊ शकते. माणूस व्यक्ती म्हणून तोलला जावा, वंशाचा प्रतिनिधी म्हणून नाही. हे डग्लस यांचे १९७४ चे मत, पण निम्मे. ज्या परीक्षेच्या गुणांवर पहिली चाळणी लागते, ती कोणाला धरून घडवली आहे याचे साक्षीपुरावे घ्या, ही त्यांची दुसरी मागणी त्या निकालातही कोणी उचलली नाही.